घोंगडं पांघरून बसलेला माणूस

ज्या रविवारी माझा सगळ्यात जुना मित्र आमच्या घरी शेवटचा खेळायला आला, त्या रविवारी मी एक आकडा खोटा सांगितला. फाशावर तीन पडले होते, मी अठरा म्हणालो. पैज लावलेली नव्हती, कुणाचं काही जाणार नव्हतं. एका काल्पनिक खिंडीतल्या काल्पनिक लांडग्याबद्दलचा तो आकडा होता. तरीही त्यानंतर तो आला नाही, आणि मी पन्नाशी उलटलेला माणूस वर्षभर त्या आकड्याखाली दबून राहिलो. कुणाला सांगायला गेलो तर हसू होईल हे मला कळतं. म्हणून लिहून काढतो आहे.

आधी खेळ सांगायला हवा. मलाही पहिले दोन महिने तो कळला नव्हता.

माझ्या मुलीने पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीत येताना तो साताऱ्याला आणला. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि रंगीत खड्यांसारखे दिसणारे चित्रविचित्र फासे; त्यातला मुख्य फासा वीस तोंडांचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात. सांगणारा म्हणतो, समोर नदी आहे, पूल तुटलाय. मग ज्याने त्याने सांगायचं की मी काय करतो. ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. जिंकणं-हरणं नसतं, गोष्ट रविवारमागून रविवार पुढे जात राहते. मुलगी सुट्टी संपवून गेली, पुढे नोकरीला लागली. पुस्तक आणि फासे आमच्याकडेच राहिले.

आम्ही चौघं खेळायचो. मी गोष्ट सांगायचो. मी एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. तीस वर्षं झाली, दुसऱ्याने शिकवायचे प्रयोग मी मांडून ठेवतो आणि तास संपला की काचसामान धुऊन ठेवतो. खोलीभर माणसं माझं बोलणं ऐकत बसली आहेत असा प्रसंग माझ्या आयुष्यात या खेळापूर्वी आला नव्हता. हे मी माझी बाजू मांडायला सांगत नाही. पण ते खरं आहे.

माझी बायको शिवणकाम करते. खेळात ती तलवारबाज होती आणि समोर येईल त्याला कापून मोकळी व्हायची. तिसरा उंब्रजचा गादीवाला. हायवेला त्याचं गाद्या-उशा भरायचं दुकान आहे. आमची नवी गादी पोचवायला आला, फासे बघितले आणि बसला तो बसलाच. पुढे दर रविवारी दुपारी दुकान भावावर सोडून यायचा. खेळात तो चोर होता आणि त्याला त्याचं फार कौतुक होतं. "तीन पिढ्या इमानदारीनं कापूस भरला," म्हणायचा, "आता जरा हात साफ करू द्या."

चौथा माझा मित्र. सांगलीला कॉलेजात असताना आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. तो आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वडिलांनी आयुष्यभर मेंढरं घेऊन मुलुख तुडवला. हा शिकून पशुधन पर्यवेक्षक झाला, म्हणजे गुरांच्या दवाखान्यात गावोगाव फिरून लस टोचणारा, औषध पाजणारा. तेव्हा साताऱ्याजवळच्याच एका गावात नेमणूक होती. खेळात तो एक म्हातारा मांत्रिक झाला होता. त्या म्हाताऱ्याला ना आग फेकता यायची ना वीज पाडता यायची. त्याला फक्त भास निर्माण करता यायचे.

आणि हे भासांचं प्रकरण मला आजही नीट उमगलेलं नाही.

पुस्तकात लिहिलंय ते साधारण असं. मांत्रिक एखादी नसलेली गोष्ट दाखवतो. भिंत, माणूस, आग, काहीही. साध्या मंत्रात ती नुसती दिसते किंवा नुसती ऐकू येते. वास नाही, धग नाही, वजन नाही. हात लावला तर हात आरपार जातो. मोठ्या मंत्रात वास आणि ऊबही येते. ज्याला शंका येईल त्याने थांबून ती गोष्ट निरखायची, त्यात त्याची एक खेळी खर्च होते, आणि मग फासा टाकायचा. पुरेसा आकडा पडला तर भास धुक्यासारखा आरपार दिसू लागतो. नाही पडला तर त्याच्यापुरती ती गोष्ट खरीच. आमच्या म्हाताऱ्याचा भास ओळखायला पंधरा किंवा जास्त लागायचे.

वाचताना हे सोपं वाटतं. खेळायला बसलो की भांडणं व्हायची.

"पूल खरा न्हाई हे मला ठावंच न्हाई," गादीवाला म्हणायचा. "मला तर पूल दिसतोय. मंग मी पडंन कसा?"

"पडणारच. पूल नाहीच तिथे."

"पर मी मानलंय की हाय."

"तुम्ही मानलंय हो भावजी," बायको म्हणायची, "पुलानं कुठं मानलंय?"

दुसऱ्या एका रविवारी माझ्या गोष्टीतल्या राजवाड्यात मी एक खोटा पलंग ठेवला होता. गादीवाल्याने फासा टाकायलाच नकार दिला. गादी खरी की खोटी हे कळायला आपल्याला फासा लागत नाही, बसलं की कळतं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, बसलास तर खाली पडशील. तो म्हणाला, "मंग कळलंच की!" यावर पुस्तकात उत्तर नव्हतं. मुलीला फोन लावला. रविवार असूनही ती ऑफिसात होती. म्हणाली, "बाबा, असं असेल तिथे सांगणाऱ्यानेच ठरवायचं असतं." हे वाक्य मला फार आवडलं होतं. इतकं आवडायला नको होतं.

एक नियम मात्र आमचा आम्ही केला, तो माझ्या मित्राने मागून घेतला होता. भास ओळखता आला नाही, पण नंतर कुणी स्वतःहून सांगितलं की ते खोटं आहे, तर ऐकणाऱ्याला पुन्हा एकदा फासा टाकायला मिळायचा. मेंढक्यांत एक जण ओरडला की बाकीचे वळून परत बघतात, असं तो म्हणाला होता. आम्ही तो नियम पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेनने लिहून ठेवला.

सांगणाऱ्याचं काम यात सगळ्यात अवघड. त्याला ठाऊक असतं की समोरची भिंत खोटी आहे, पण खऱ्या भिंतीचं आणि खोट्या भिंतीचं वर्णन त्याने एकाच आवाजात करायचं असतं. मला ते जमायचं नाही. "तुम्ही खोटी भिंत सांगताना चष्मा पुसता," असं बायकोने एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्यानंतर मी चष्मा पुसायचा नाही असं ठरवलं. काही वेळा विसरायचो.

मित्राला मात्र भास करायला कुणी शिकवावं लागलं नाही. पुस्तकातले ड्रॅगन, राक्षस त्याने कधी दाखवले नाहीत. एकदा मागे घोडेस्वार लागले होते. मी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत बसून त्या लढाईचा नकाशा काढला होता. त्याने काय केलं, रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा घातला.

"घोडेस्वार कितीबी घाईत असंना," तो म्हणाला, "मेंढरं आडवी आली की थांबतोच. नुसता हॉर्न वाजवतो."

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. लढाई झालीच नाही, नकाशा तसाच घडी घालून ठेवला. पुढच्या रविवारी त्याने दरड कोसळल्याचा नुसता आवाज काढून माझे पहारेकरी पळवून लावले. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी काहीतरी. माझ्या लक्षात येऊ लागलं की मी बोलत असतो आणि बायको आणि गादीवाला त्याच्याकडे बघत असतात. मी काय वाढून ठेवलंय यापेक्षा तो आता काय करतो, याची त्यांना उत्सुकता असायची. त्याचा काहीच दोष नव्हता. उलट तो मलाच विचारायचा, "चालंल का रं असं? न्हाईतर राहू दे." मी म्हणायचो, चालेल की.

मग तो रविवार आला.

मी एक खिंड रचली होती. दोन बाजूंनी डोंगर, पाठीमागे कडा, आणि पुढची वाट अडवून बसलेला एक थोराड लांडगा. आधीच्या चकमकीत गादीवाल्याचा चोर जखमी झाला होता, बायकोची तलवार मोडली होती. या वेळी लढावंच लागेल अशी व्यवस्था मी केली होती. लांडगा उठून यांच्याकडे येऊ लागला.

"वारा कुठनं हाय?" मित्राने विचारलं.

वाऱ्याचा मी विचारच केलेला नव्हता. "लांडग्याकडून तुमच्याकडे," मी सुचेल ते बोललो.

"बरं. मंग मी आमच्यापास्नं धा पावलांवर एक माणूस दाखवतो. बसलेला. घोंगडं पांघरून, काठी मांडीवर. हलत न्हाई."

"मेंढरं नाही का दाखवत?" मी विचारलं. मला मेंढरंच हवी होती. मेंढरांवर लांडगा धावला असता, जवळ जाताच वास नाही हे त्याला कळलं असतं. माझं उत्तर तयार होतं.

"मेंढरं दाखवली तर त्यो जवळ यील, आन जवळ आला की कळंल त्याला. बसलेल्या माणसाजवळ लांडगा येत न्हाई, लांबनंच वळतो. आमचा म्हातारा वाघरीच्या कडंला असंच काठ्यांवर घोंगडं टाकून ठिवायचा." वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, ती त्याने पूर्वी आम्हाला समजावून सांगितलेली होती. "एक म्हातारा खरा, दोन घोंगड्याचे. लांडगं तिघं मोजायचं."

"लांडग्याला वास येतो," मी म्हणालो.

"येतो की. पर वास घ्यायचा तर त्याला वाऱ्याखाली जावं लागंल. म्हंजे फिरून आमच्या मागं. आन मागं कडा हाय." त्याने नकाशावर बोट ठेवलं. "तूच काढलाय."

कडा मी निळ्या पेनने काढला होता, चांगला ठळक. गादीवाल्याने मांडीवर थाप मारली. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "घ्या!"

त्या 'घ्या'मध्ये काही नव्हतं. ती नेहमीच असं म्हणते. पण माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं मला आठवतं.

मी फासा टाकला. प्रॅक्टिकलच्या जुन्या वह्यांचे दोन पुठ्ठे जोडून मी एक आडोसा केलेला होता, सांगणाऱ्याचे फासे त्याच्यामागे पडायचे. तीन पडले. लांडगा फसला होता. लांडगा थांबणार होता, वळून निघून जाणार होता, आणि माझा सहावा की सातवा नकाशा घडी होऊन पुस्तकात जाणार होता.

"अठरा," मी म्हणालो.

अठरा पडू शकतात. तरी मला काहीतरी जोडावंसं वाटलं, म्हणून मी म्हणालो, "वारा फिरला."

तेव्हा मित्राने मान वर करून माझ्याकडे बघितलं. आधी नाही, तेव्हा. हे माझ्या ध्यानात यायला एक वर्ष जावं लागलं.

लांडगा घोंगड्यातल्या माणसाच्या आरपार चालत आला आणि त्याने म्हाताऱ्या मांत्रिकाची मान धरली. पुढचे फासे मी खरे सांगितले. ते नेमके वाईट पडले.

"मेला?" मित्राने विचारलं.

"मेला."

त्या मांत्रिकाची सगळी माहिती एका कागदावर होती. दीड वर्ष खोडून खोडून लिहिल्यामुळे कागद मध्ये विरला होता, त्याला मागून चिकटपट्टी लावलेली. मित्राने तो घडी करून खिशात ठेवला. मग आम्ही चहा घेतला. बायकोने केलेले पोहे त्याने मागून घेऊन दुसऱ्यांदा खाल्ले. जाताना जिन्यात म्हणाला, "बरं झालं गड्या, म्हातारा थकलाच हुता."

पुढच्या रविवारी तो आला नाही. लसीकरणाचं काम निघालंय म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी घरी पाहुणे. नंतर मी फोन करणं कमी केलं. तीन-चार महिन्यांनी कळलं की त्याची त्याच्या तालुक्यात बदली झाली. बदली आली की त्याने मागून घेतली, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर एक काहीतरी कळलं असतं. ते कळायला मला नको होतं.

आम्ही तिघं अधूनमधून बसायचो. गोष्ट पुढे सरकायची, पण वाटेत लांडगा किंवा कुत्रं आलं की माझी जीभ अडखळायची. मी स्वतःला पुष्कळ समजावलं. सांगणाऱ्याने ठरवायचं असतं, मुलगी म्हणालीच होती. मीच रचलेल्या खिंडीत लांडगा काय करतो हे मी नाही तर कोण सांगणार? आणि सगळीच गोष्ट खोटी असताना त्यातला एक आकडा खोटा, याला खोटं म्हणायचं का? पण मग फासे कशाला टाकायचे? इथे येऊन मी अडकायचो. मित्राचे भास खोटे होते, पण ते खोटे आहेत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माझा अठरा फक्त मला माहीत होता. या दोन्हींत फरक आहे एवढं मला जाणवायचं. तो कुणी मांडून दाखव म्हटलं असतं तर मला दाखवता आला नसता.

एके दिवशी बायको ब्लाऊजला हुक लावत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी खरंच अठरा पडले होते का हो?"

"हो," मी म्हणालो.

हे दुसरं खोटं. ते मला दुपारपर्यंतसुद्धा झेपलं नाही. जेवायला बसल्यावर मी सांगितलं, तीन पडले होते.

"माहितेय मला," ती म्हणाली. "तुम्ही चष्मा पुसला होता."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल." तिने भाजी वाढली. "मला कशाला सांगताय? आटपाडीला जा."

मी उंब्रजवरून गेलो, कारण गादीवाल्यालाही सांगणं भाग होतं. तो पिंजलेल्या कापसात गुडघ्यापर्यंत उभा होता. मी सांगितलं. तो बराच वेळ उशीच्या खोळीत कापूस कोंबत राहिला.

"आयला," मग म्हणाला. "आन मी त्याला फोन करून शिव्या घातल्या हुत्या की."

"कशाबद्दल?"

"म्हटलं, खेळातला म्हातारा मेला म्हून दोस्ती सोडतोस व्हय रं? पोरगं हाईस का? लय बोललो. त्यो गप ऐकून घेत हुता. म्हणाला, चूक झाली." त्याने खोळीचं तोंड हाताने दाबून धरलं. "चूक झाली म्हणाला, बघा! त्यो!"

त्याने ती उशी शिवून माझ्या हातात दिली. "त्याला द्या. माझ्याकडनं. म्हणावं, पाठीला चांगली हाय." मग कराड, विटा करत मी आटपाडीला गेलो, मांडीवर उशी घेऊन. एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, दवाखान्यात कुणाला ठेवलंय का. मी हो म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही.

त्याचं घर गावाबाहेर, डाळिंबाच्या बागेच्या कडेला. तो अंगणात मेंढरांना जंताचं औषध पाजत होता. चुलतभावाचा कळप होता, पंचवीस-तीस मेंढरं जाळीत उभी होती. मला बघून त्याला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

"आलास व्हय? ती उशी ठिव तिकडं. आन हिचं तोंड धर, माणूस गेलाय जेवाय."

मी मेंढीचं तोंड धरलं. कसं धरायचं ते मला येत नव्हतं. त्याने माझी बोटं हलवून नीट बसवली. तिच्या जबड्याच्या कडेने नळी घालून त्याने औषध सोडलं.

"सोड. पुढची."

आठ-दहा मेंढरं झाली. ठरवून आणलेलं सगळं मी विसरून गेलो होतो. शेवटी म्हणालो, "त्या दिवशी तीन पडले होते."

"कुठं?"

"फाशावर. लांडग्याला. मी अठरा म्हणालो."

"मान वर धर हिची. ठसकंल ती."

मी मान वर धरली. त्याने औषध सोडलं, मेंढी गेली, पुढची आली. मला वाटलं त्याने ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"ऐकलं रं. का मेंढरांस्नीबी सांगतोस?"

"सगळे तुझ्याकडे बघत होते," मी म्हणालो. "म्हणून केलं."

"लांडगाबी?"

मला हसावं की काय ते कळेना. त्याचा चेहरा हसरा नव्हता, पण रागावलेलाही नव्हता. राहिलेली सगळी मेंढरं आम्ही उरकली. त्याने हात धुतले, मला धुवायला पाणी दिलं. मग औषधाची पत्र्याची पेटी पुढे ओढली. कापसाचे बोळे, सुया, कात्री, आणि त्यातच कोपऱ्यात वीस तोंडांचा हिरवा फासा. त्याने तो कधी विकत घेतला होता मला माहीत नाही. आमच्या फाशांत हिरवा नव्हता.

"आपला नेम हाय न्हवं?" तो म्हणाला. "सांगणाऱ्यानं सोताहून सांगितलं की परत टाकायचा. पंधरा पायजेत."

"हो. पंधरा."

त्याने पेटीचं झाकण उभं केलं आणि त्याच्या आड फासा टाकला. पत्र्यावर खडखड आवाज झाला. तो वाकून बघत राहिला, जरा जास्तच वेळ.

"चार," तो म्हणाला.

मी मान पुढे केली तोवर फासा त्याच्या मुठीत होता.

"न्हाई जमलं. म्हंजे माझ्यालेखी अठराच."

"अरे, पण मी तुला सांगतोय ना, तीन होते."

"तू सांगतोस रं. पर मला दिसाय नगं?" त्याने झाकण लावलं. "चार पडल्यात."

"म्हणजे म्हातारा..."

"मेला की."

मी तिथे उभा राहिलो, हाताला मेंढरांचा वास. त्याने मला माफ केलं होतं का? माझं खोटं त्याच्यासाठी खोटं नाहीच, असं तो म्हणत होता. की तो सांगत होता की म्हातारा मेलेलाच राहील आणि तो काही परत खेळायला येणार नाही? दोन्ही अर्थ एकाच वाक्यात बसत होते. त्यातला कोणता खरा, हे त्याच्या आवाजावरून ओळखता येत नव्हतं. त्याला तो आवाज माझ्यापेक्षा नेहमीच चांगला जमायचा.

जेवण झालं. पिठलं-भाकरी, आणि बागेतलं एक फुटकं डाळिंब. मुलांच्या, पेन्शनच्या, गुडघ्याच्या गोष्टी झाल्या. उशी त्याने पाठीमागे घेतली आणि म्हणाला, बरी हाय. खेळाचं नाव कुणी काढलं नाही. मग त्याने मला मोटरसायकलवरून स्टँडवर सोडलं. विट्याची गाडी लागलेली होती. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा तो मागून म्हणाला,

"एक सांग."

"काय?"

"खिंडीत वारा खरंच फिरला हुता का?"

मी खाली उतरलो. "नाही," मी म्हणालो. "ते मी नंतर जोडलं. वारा तुमच्याकडेच होता."

"लांडग्याकडनं आमच्याकडं."

"हो."

"शेवटपतुर?"

"शेवटपर्यंत."

तो जमिनीकडे बघत होता. "म्हातारा बरुबर हुता म्हंजे," तो म्हणाला. "मंग ठीक हाय." आणि त्याने मोटरसायकलला किक मारली. कुठल्या म्हाताऱ्याबद्दल बोलत होता, खेळातल्या की वाघरीच्या कडेला घोंगडी टाकणाऱ्या, ते मी विचारायच्या आत तो गेला होता.

घरी पोचलो तेव्हा बायको मशीन आवरून ठेवत होती. मी सगळं जसं झालं तसं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"मग येणार आहेत का ते?"

"माहीत नाही. चार पडले म्हणाला."

"चारच पडले होते?"

"मला फासा दिसला नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. माझा चष्मा नाकावरच होता, हात दोन्ही मांडीवर. मग ती आत गेली. रविवारी किती जणांचे पोहे भिजवायचे, ते तिने मला विचारलं नाही.